जिवंत असल्याचा कागद

सोमवार, ७ जुलै २०२५

आज ऋतिकाने माझ्याकडे मी जिवंत असल्याचा कागद मागितला.

दुपारच्या सुट्टीत वॉचमन आत येऊन म्हणाला, मांडवकर, गेटवर कोणी पोरगी आलीय. वालीवच्या या वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं लेथवर आहे, आजपर्यंत मला भेटायला कुणी आलेलं नाही. हात न धुताच गेलो. उंच, चष्मा लावलेली, हातात प्लॅस्टिकची फाइल. मला वाटलं बँकेतून कुणी आलं. मग तिने केस कानामागे सारले. ती सारण्याची पद्धत सुनंदाची. सात वर्षांनी मी माझ्या मुलीला तिच्या आईच्या हातावरून ओळखलं.

"आत ये ना, पंखा आहे," मी म्हटलं.

"नको. रिक्षा थांबवलीय."

रिक्षात रिटाबाई बसल्या होत्या. गिरीजला त्यांच्याच घरात सुनंदा आणि ऋतिका भाड्याने राहतात आणि सुनंदा त्यांच्याकडेच शिवणकाम करते, एवढं मला ठाऊक होतं.

ऋतिकाने पाठ केल्यासारखं सांगितलं. बारावी झाली. बी.एस्सी. नर्सिंगला पालघरकडच्या कॉलेजात नंबर लागला. फी झेपणारी नाही म्हणून कॉलेजच्या मदतनिधीला अर्ज केला. तो अडकलाय. आणि फाइलमधून कॉलेजचं पत्र काढून दिलं. पत्रात होतं की, विद्यार्थिनीने वडील हयात असल्याचं लिहिलं आहे, पण शाळेच्या फीमाफीच्या नोंदीत जून २०१८ मध्येच वडील मयत असल्याचं दिसतं. तरी पंचवीस जुलैपर्यंत वडिलांच्या मृत्यूचा दाखला द्यावा. हयात असल्यास त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र द्यावं.

मी दोनदा वाचलं. "मयत म्हणजे मी?"

"हो."

"शाळेत असं लिहून कुणी दिलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते आता राहू दे. कागद मिळतील का, एवढं सांगा."

"मग तू तरी हयात कशाला लिहिलंस? अडकलंच नसतं."

"शाळेत सही आईची असायची. आता मी अठरा पूर्ण केली. खाली सही माझी आहे."

रिटाबाई रिक्षातूनच म्हणाल्या, "मांडवकर, पोरीला फिरवू नका. देनार असाल तर हो म्हना, नाय तर नाय म्हना."

मी हो म्हटलं. रिक्षा गेली. लहानपणी ती मला 'पप्पा, तू ये ना' म्हणायची. आज 'सांगा' म्हणाली. पप्पा एकदाही म्हणाली नाही.

मंगळवार, ८ जुलै

आज लेथवरचे दोन जॉब माझ्या हातून वाया गेले. माप चुकलं. मालक नुसते बघून गेले.

शेवटी स्टीवनला सांगितलं. स्टीवन माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, पाचूबंदरचा आहे, बापभावांच्या बोटी सोडून इकडे आला. तो म्हणाला, "जित्या मानसाला मेलेला लिवला? केस टाक. माझ्या वळखीचा वकील हाय."

केस टाकायची की नाही ते ठरलेलं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी घर सोडलं २०१८ च्या दिवाळीत. कागदावर मी मेलो जूनमध्ये. म्हणजे मेल्यावर पाच महिने मी त्याच घरात जेवत होतो. माझ्या पानात भात वाढताना सुनंदाला काय वाटत असेल? बाई इतकी थंड डोक्याची असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा मी पीत होतो, खोटं कशाला लिहू. लॉकडाऊनपासून थेंब घेतलेला नाही. दारू सोडताना डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या, म्हणून ही वही. पण पिणारा माणूस म्हणजे मेलेला माणूस नव्हे.

गुरुवार, १० जुलै

अर्धी रजा टाकून तलाठी कार्यालयात गेलो. मालकांनी पगाराचं पत्र दिलं होतं. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "कुटुंबात किती माणसं?"

मी म्हटलं, "मी एकटा."

"मग दाखला कुणाच्या शिक्षणासाठी?"

"मुलीच्या."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, मुलगी आहे तर एकटे कसे?"

मागे रांग होती. मी म्हटलं, आम्ही वेगळे राहतो. घटस्फोट झालाय का? नाही. मग रेशनकार्ड आणा, नावं बघू. रेशनकार्ड सुनंदाकडे आहे.

रविवारी गिरीजला जाणार. नुसतं कार्ड आणायला नाही. मी तिला समोरासमोर विचारणार आहे.

रविवार, १३ जुलै

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

रिटाबाईंचं घर केळीच्या वाडीत आहे. पुढच्या खोलीत शिलाईची दोन मशीनं, आणि दोरीवर ओळीने लग्नाचे पांढरे झगे टांगलेले. झग्यांच्या मागून सुनंदा आली. केस बरेच पिकलेत. म्हणाली, "बसा." पाणी आणलं. मी घ्यायला हात पुढे केला तर तिने तांब्या टेबलावर ठेवला आणि मागे सरली.

मी बसलो नाही. वाटेत सगळं मनात जुळवलं होतं, ते बोललो. म्हटलं, मला मारून टाकलंस. वाईट होतो तर हाकलून द्यायचं होतंस. जिवंत माणसाला मेलेला दाखवून फुकट शाळा शिकवलीस. शाळेत सगळ्या बाई, सगळी पोरं मला मेलेला समजत होती आणि तू माझ्यासमोर चहा ठेवत होतीस. केस टाकली तर आत जाशील.

माझा आवाज चढला असेल, कारण ऋतिका आतून आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. खोली लहान आहे, दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती म्हणून असेल.

"आई, दाखव त्यांना," ती म्हणाली.

"कशाला? कार्ड दे आणि जाऊ दे."

"नाही. दाखव."

सुनंदाने कपाटातून फाइल काढली. त्यात शाळेला दिलेल्या अर्जाची झेरॉक्स होती. फुलस्केप कागद. मा. मुख्याध्यापिका यांस, विनंती अर्ज. माझे पती श्री. दिनानाथ मांडवकर यांचे दिनांक ३ जून २०१८ रोजी दुःखद निधन झाले असून माझ्या मुलीस फीमध्ये पूर्ण माफी मिळावी. खाली सुनंदाची सही, वेडीवाकडी.

अक्षर माझं होतं.

'निधन'मधला माझा ध, 'पूर्ण'वरचा रफार. सोसायटीच्या नोटिसा माझ्याकडून लिहून घ्यायचे लोक, तेच अक्षर. एका शब्दाची खाडाखोड नव्हती.

मी म्हटलं, "हे मी नाही लिहिलं." मग ऋतिकाच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, कुणीतरी पत्ता विचारावा आणि तिने सांगावा तसं ती सांगत होती.

"सहावीत होते. फी राहिली होती म्हणून शाळेने अर्ज करा म्हणून सांगितलं. वडील नसतील तर पूर्ण माफी असं त्या कागदावर होतं. आई तुम्हाला म्हणाली, पगारातलं थोडं तरी द्या. तुम्ही म्हणालात, मग मी मेलो असं लिही, सगळ्यांची सोय होईल. आई रडायला लागली. तुम्ही मला म्हणालात, जा, फुलस्केप घेऊन ये. मी दुकानातून आणला. तुम्ही जमिनीवर बसून लिहिलंत. आणि आईचा हात धरून सही करून घेतलीत."

"तू आणलास कागद?"

"मीच."

मी सुनंदाकडे बघितलं. "आणि तू तो शाळेत दिलास."

"तीन दिवस डब्यात ठेवला होता," सुनंदा म्हणाली. "वाटलं, तुम्ही शुद्धीवर आलात की फाडाल. चौथ्या दिवशी हिला वर्गाबाहेर उभं केलं. मग दिला."

रेशनकार्ड घेऊन निघालो. वसईहून वालीवची बस मिळाली का, चालत आलो, काही लक्षात नाही. खोलीवर आलो तर पायांत चप्पल होती एवढं खरं.

सोमवार, १४ जुलै

मला आठवत नाही.

तो जून आठवतो. तेव्हाच्या कारखान्यात मशीनवर जॉब पकडणारा नवीन चक बसवला होता ते आठवतं. सुनंदाच्या भावाचं लग्न आठवतं. तो दिवस आठवत नाही. कोरा कागद समोर ठेवून बसलो तरी आठवत नाही.

स्टीवन विचारत होता, वकिलाला फोन लावू का. नको म्हटलं. का ते सांगितलं नाही.

गुरुवार, १७ जुलै

रेशनकार्ड दाखवल्यावर उत्पन्नाचा दाखला काल मिळाला. आज वसईला कोर्टाजवळ नोटरीकडे गेलो. ऋतिका एकटी आली होती. प्रतिज्ञापत्र तिनेच टाइप करून आणलं होतं. पहिल्या कलमात, मी जिवंत आहे. दुसऱ्यात, मी आणि पत्नी २०१८ पासून वेगळे राहतो, घटस्फोट नाही. तिसऱ्यात पगार. चौथ्यात, वेगळे झाल्यापासून मी मुलीच्या शिक्षणासाठी व पालनपोषणासाठी काहीही दिलेलं नाही.

मी म्हटलं, "हे काहीही कसं लिहिलंस? तुला सायकल दिली होती मी. घर सोडल्यावर दिली होती, तुझ्या वाढदिवसाला."

"ती तुम्ही महिन्याभराने घेऊन गेलात."

"मी?"

"दुरुस्तीला नेतो म्हणालात. मी दोन आठवडे रस्त्यावर येऊन बघत होते."

पुन्हा तेच. तिला जे ठाऊक आहे ते माझ्याबद्दल मला ठाऊक नाही. अजून किती असं तिच्या डोक्यात साठलंय कोण जाणे. विचारायचं धाडस झालं नाही.

म्हटलं, हे चौथं कलम गाळलं तर? उद्या हा कागद कुणी माझ्यावर उलटवला तर? ती म्हणाली, "ते गाळलं तर कॉलेज म्हणेल, वडील कमावतात, मदत कशाला. पण तुम्हाला नको असेल तर राहू दे. मी सांगेन, वडील भेटले नाहीत."

नोटरीने चष्म्यावरून बघितलं. "वाचलंत का सगळं? समजलं? मग सही करा."

सही केली. ऋतिकाने कागद उचलून शाई वाळेपर्यंत दोन बोटांत धरून ठेवला.

शुक्रवार, २५ जुलै

कॉलेजात आई-वडील दोघांनाही बोलावलं होतं. आम्ही तिघं वेगवेगळे पोचलो आणि एका बाकावर बसलो. मध्ये ऋतिका.

आत समितीच्या एक मॅडम आणि एक सर होते. मॅडमनी सगळे कागद नीट बघितले. मार्कांचं कौतुक केलं. मग शाळेचं पत्र वर काढून म्हणाल्या, "मुलगी इथे खरं बोलली, ते मला आवडलं. पण शाळेत इतकी वर्षं खोटी माहिती होती. ती कुणी दिली?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण मला वाटलं, पहिलं वाक्य काय बोलायचं? तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "मी दिली, मॅडम. अर्जावर सही माझी आहे. फीसाठी दिली. माझी चूक आहे."

मॅडम म्हणाल्या, "नवरा जिवंत असताना असं लिहवलं तरी कसं तुम्हाला?"

सुनंदाने मान खाली घातली. ऋतिका समोरच्या भिंतीकडे बघत होती. मॅडम आणि सर माझ्याकडे दयेने बघत होते. त्यांना वाटत असेल, बिचारा. मी गप्प बसलो.

बाहेर रिक्षास्टँडवर मी सुनंदाला विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुमचं सांगितलं असतं तर का लिहिलं ते विचारलं असतं. मग दारू आली, मारणं आलं. पोरीला परत सगळं चारचौघांत ऐकायला लागलं असतं. गप्प बसलात ते बरं केलंत."

मारणं हा शब्द तिने वापरला. ऋतिका शेजारीच होती, ती दचकली नाही. या वहीत इतक्या वर्षांत तो शब्द मी लिहिलेला नाही. आज लिहिला.

सोमवार, २८ जुलै

शनिवार-रविवार बसून जबाब लिहिला. शाळेचा अर्ज माझ्या हस्ताक्षरात आहे. पत्नीकडून सही मी जबरदस्तीने करून घेतली. तिची चूक नाही. अक्षराच्या तुलनेसाठी हाच कागद पाहावा. आज रजा टाकून एकटाच कॉलेजात गेलो आणि मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. दयेचं वगैरे आता काही नव्हतं चेहऱ्यावर. "शुक्रवारी तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"हो."

"मग आज का?"

त्या म्हणाल्या, हा कागद आता फाइलला लागणार. समितीला परत बघावं लागेल. तुम्ही या.

तरी येताना हलकं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी नाक्यावर थांबून चहा घेतला.

मंगळवार, २९ जुलै

सकाळी मशीन चालू करतोय तोच ऋतिकाचा फोन. तिने स्वतःहून केलेला पहिला. मला वाटलं, मॅडमनी तिला सांगितलं असेल आणि ती काही चांगलं बोलेल.

"तुम्ही काल कॉलेजात गेला होतात?"

"हो. आईवरचा डाग काढून आलो."

"कुणाला विचारलंत?"

मी फोन घेऊन मशीनपासून बाजूला आलो.

"फाइल मंजूर झाली होती. आज सही व्हायची होती. आता थांबवलीय. त्यांना परत मीटिंग घ्यायचीय. माझी सीट शनिवारपर्यंत आहे." तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून गेलात. मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं."

फोन ठेवला. स्टीवनने येऊन माझं मशीन बंद केलं. म्हणाला, बस जरा. तोंड पांढरं पडलंय.

काल नाक्यावर चहा पीत होतो मी. तिची सीट जायला आली होती आणि मी बिस्किट बुडवून चहा पीत होतो.

शुक्रवार, १ ऑगस्ट

चार दिवस फोनकडे बघतोय. मी केला नाही. करून काय विचारणार?

दुपारी रिटाबाईंचा आला. "मांडवकर, झालं पोरीचं. पूर्ण फी माफ. मीटिंगीत ऋतिका एकटीच गेली हती. काय बोलली ते आमालापन नाय सांगत." मग म्हणाल्या, "हॉस्टेल त्यात नाय धरत. ते वेगळं."

संध्याकाळी मी ऋतिकाला मेसेज टाकला, हॉस्टेलचं मी भरतो. उत्तर तासाभराने आलं. "परस्पर कॉलेजात भरा. पावती मला पाठवा. माझ्या किंवा आईच्या हातात देऊ नका."

खाली अजून एक ओळ होती. "जमेल तेवढे दिवस भरा. बंद करायचं असेल तर एक महिना आधी सांगा."

भाडेकरूला सांगतात तसं. पण वाचून मला तिच्यावर राग आला नाही. तिने सगळ्या बाजूंनी विचार केलेला आहे. मशीनला गार्ड बसवतात, हात जाऊ नये म्हणून. तसं.

शनिवार, २ ऑगस्ट

पालघरला जाऊन भरलं. पावतीचा फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

मेसेज: "रविवारी हॉस्टेलला जाणार. पेटी जड आहे. टेम्पोत चढवायला माणूस पाहिजे. येणार का?"

येणार म्हटलं. शर्ट इस्त्रीला टाकला.

रविवार, १७ ऑगस्ट

पेटी खरंच जड होती. पुस्तकं भरली होती. गिरीजला टेम्पोत चढवली, हॉस्टेलच्या दारात उतरवली. चढवताना-उतरवताना टेम्पोवाल्याशीच बोललो. सुनंदा पुढे बसली होती, मी आणि ऋतिका मागे सामानाबरोबर. वळणावर पेटी सरकली तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच ती धरली. ती म्हणाली, "सांभाळून, बोट सापडेल."

हॉस्टेलमध्ये पुरुषांना आत सोडत नाहीत. सुनंदा आणि ऋतिका दोन्ही कड्या धरून पेटी वर घेऊन गेल्या. मी बाहेर कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळाने ऋतिका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आली. मी आहे की गेलो ते बघत असावी. मी दिसल्यावर वरूनच म्हणाली, "बादली टेम्पोत राहिली."

टेम्पो तर निघून गेला होता. मी नाक्यापर्यंत गेलो, दुकानातून बादली आणि आंघोळीचा मग घेतला. परत आलो तेव्हा दारातल्या टेबलावर हॉस्टेलच्या बाई वही घेऊन बसल्या होत्या.

"कोण आपण?"

सुनंदा-ऋतिका वर होत्या. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. मी म्हटलं, "वडील."

त्यांनी वर न बघता वहीत लिहिलं. मग टेबलावरचा मार्कर उचलला. "बादल्यांची फार अदलाबदल होते. नाव घालून देते. यंदा पहिल्या वर्षाला दोन ऋतिका आहेत, पूर्ण नाव सांगा."

तोंडावर आलं होतं, ऋतिका दिनानाथ. पण बाईंच्या मागे भिंतीवर खोल्यांची यादी लावलेली होती. मुलींनी स्वतः फॉर्म भरून दिले होते, त्यावरून केलेली. खोली क्रमांक एकवीस, तिसरं नाव. मी ते वाचलं. परत एकदा वाचलं.

बाई थांबल्या होत्या. "काय लिहू?"

मी सांगितलं, "ऋतिका सुनंदा मांडवकर."

त्यांनी ठळक अक्षरांत तसं लिहिलं आणि बादली आत घेतली.